उजव्या पायाखालचा गिअर

काल शाळेतून येताना झरीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला एक बाई ज्वारीची कणसं विकायला घेऊन बसली होती. हिरवी, नुकती भरलेली, अजून दुधात असलेली. म्हणजे ज्वारी हुरड्यात आली. बसमधल्या माझ्या शेजारच्या मॅडमनी लगेच बेत मांडला. कोणाच्या शेतात जायचं, दही कोणी आणायचं, शेंगदाण्याची चटणी कोणाच्या हातची. मी हो-हो म्हणत पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले. हुरड्याचं नाव काढलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझी नजर लोकांच्या पायांकडे जाते. तीन हिवाळे झाले, अजून जाते.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेच्या कडकडाटाला भिते, शाळेच्या तपासणीला भिते, आणि फोन अवेळी वाजला तर तो उचलण्याआधी मनात दोन-तीन नातेवाईक दवाखान्यात दाखल करून मोकळी होते. मला बघायला आले होते तेव्हा सुधाकरनी विचारलं होतं, तुम्हाला काय-काय आवडतं? आणि मी मला कशाकशाची भीती वाटते ते सांगत बसले होते. तरी त्यांनी होकार दिला. सुधाकर म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना अहो म्हणते, पण लेखभर 'हे' आणि 'अहो' लिहीत बसले तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल, म्हणून इथे नाव लिहिते. ते परभणीत ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतात, मी झरीच्या शाळेत मराठी.

त्यांच्या आयुष्यात मी आले त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ती आली. इटालियन. त्यांच्या एका मित्राचे वडील हैदराबादला डॉक्टर होते, त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली ही मोटारसायकल कित्येक वर्षं पडून होती. सुधाकर तिला टेम्पोत घालून परभणीला घेऊन आले, आणि वरात दारात आल्यासारखी सगळी गल्ली बाहेर आली. टाकीवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं, रंग विटलेला लाल, सीट एकाच माणसाला पुरेल एवढी. तिच्यावर त्यांनी वर्षभर मेहनत घेतली, मागची सीट बनवून घेतली, आणि मग सकाळी मला झरीला सोडून परत येऊन कॉलेजला जायचा परिपाठ सुरू झाला. गाडीचा आवाज ऐकू आला की माझ्या वर्गातली पोरं फाटकापाशी ओरडायची, "इटली आली, इटली आली!" मी डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ सोडत उतरायची. पाय जमिनीला लागला की देवाचं नाव घ्यायची.

या गाडीचं सगळंच आपल्याकडच्या गाड्यांच्या उलटं. आपल्याकडे गिअर डाव्या पायाखाली असतो आणि ब्रेक उजव्या. हिचा गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. त्यातही पहिला गिअर पंजाने वर उचलायचा, आणि मग पुढचे एकेक करत खाली दाबत जायचे. वेग कमी करायचा तर परत पंजाने उचलत यायचं. हे मला इतकं तपशिलात माहीत आहे कारण मागे बसून मी दुसरं काही बघतच नसे. लोक बायकोला मागे बसवून हिरवी शेतं दाखवतात. मला शेतं दिसली नाहीत. मला दिसला तो त्यांचा उजवा पाय, तपकिरी बूट, आणि त्या बुटाखाली होणारी खट्-खट् हालचाल.

त्या वर्षी दिवाळी झाली, कापसाची वेचणी उरकत आली, आणि गिअर अडायला लागला. गतिरोधक आला की सुधाकर क्लच दाबायचे, पाय हलायचा, पण गिअर तिथेच. गाडी धडधडत गतिरोधकावर चढायची आणि आचके देत बंद पडायची. मागून येणारे हॉर्न वाजवायचे. "काय झालं?" मी विचारायची. "म्हातारी झाली बिचारी," असं म्हणून ते किक मारायचे. माझ्या छातीत धडधडायला लागायचं ते शाळेत पहिला तास संपेपर्यंत थांबायचं नाही.

खाजाभाईंकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. रेल्वे गेटाजवळ त्यांचं गॅरेज, म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, कडुलिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेल्या साखळ्या. साठीचे गृहस्थ, डोक्यावर जाळीची टोपी, हातात कायम चिंधी. त्यांनी क्लचची केबल बदलली, तेल बदललं, गिअरचा खटका जागेवर परत आणणारी स्प्रिंग नवी बसवली. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी तेच. मग सुधाकरनी स्वतःच एक उपाय काढला. वेल्डिंगच्या दुकानात जाऊन त्यांनी गिअरच्या दांडीला मागच्या बाजूला लोखंडाचा तुकडा जोडून आणला. आपल्या गाड्यांना असतो तसा, पुढे पंजाने दाबायला आणि मागे टाचेने दाबायला, म्हणजे पंजाने उचलायची गरजच नाही.

खाजाभाई वैतागले. "सायब, ही काय म्हैस हाय का शेपूट लावायला? बाहेर देशाची गाडी, तिला आपली टाच कशाला?"

"बुटाचं पॉलिश जायलंय हो भाई, वर उचलून उचलून," सुधाकर म्हणाले.

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. आपल्याकडे अर्धं गाव चपला घालून गाडी चालवतं आणि टाचेनेच गिअर टाकतं. पॉलिश वाचवण्यासाठी टाच लावून घेणारा माणूस परभणीत काही वेगळा वाटत नाही. त्यातून टाच लावल्यावर गिअर अडायचा बंद झाला. आठ-दहा दिवस मी सुखाने मागे बसले. एकदा तर शेतंसुद्धा पाहिली. तूर कापणीला आली होती आणि हरभऱ्यावर दव होतं.

मग गिअर आपोआप निसटायला लागला.

ती सकाळ मला आजही लख्ख आठवते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे ते दिवस. एकामागे एक दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर मावेल त्याच्या दुप्पट ऊस, चालकाच्या कानाशी मोठ्यांदा गाणी. सुधाकर तसल्या एका ट्रॅक्टरच्या बाजूने पुढे निघाले. आम्ही दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो, समोरून एक जीप येत होती, आणि गिअर सुटला. इंजिन मोठ्याने ओरडलं, पण गाडी पुढे जाईना. उसाचे शेंडे माझ्या खांद्याला घासत होते. जीपवाल्याने गाडी खाली उतरवली म्हणून आम्ही वाचलो. त्याने काय शिव्या दिल्या त्या मला ऐकू आल्या नाहीत, त्याचं तोंड हलताना तेवढं दिसलं. सुधाकरनी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ दोन्ही हात हँडलवर ठेवून नुसते उभे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही, कारण मी खाली बसले होते, मातीत.

खाजाभाईंनी अख्खा गिअरबॉक्स उघडला. पांढऱ्या कापडावर एकेक चक्र मांडलं, रॉकेलने धुतलं, डोळ्याजवळ नेऊन बघितलं. "दात तर नव्यासारखे हायत," ते पुटपुटले. परत सगळं बसवलं. मग म्हणाले, "सायब, तुमी चालवा, मी मागं बसतो." ते दोघं गल्लीला तीन चकरा मारून आले. खाजाभाई उतरले. सुधाकरना तेलाचा डबा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन चिंधीने हात पुसत उभे राहिले.

"भाभी, वाईट वाटून घेऊ नका. गाडी एकदम साफ हाय."

"मग गिअर का निसटतो?"

"सायबांची टाच त्या शेपटीवर टेकून राहायलीय. आन त्यान्ला ते समजतच न्हाई. मी मागून तीनदा बघितलं. मी चालवतो तवा एकदा बी निसटत न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यान्ला शुगर हाय ना? आमच्या मोठ्या भाईचं असंच झालतं. डाक्टरला दाखवा. आन गाडी बदलू देऊ नका आत्ता. हिच्यात त्या पायाखाली गिअर हाय म्हणून समजलं. साध्या गाडीत त्या पायाखाली ब्रेक असतोय."

सुधाकरना साखर होती, आठ-नऊ वर्षांपासून. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, आणि लग्नाकार्यात जिलबी दिसली की "आज गोळी दोन घेऊ" असा विनोद. आमच्या घरात साखर म्हणजे तेवढंच होतं.

आता मी जे केलं ते सांगते. मी खाजाभाईंना म्हणाले, "भाई, अजून एकदा उघडून बघा ना. काहीतरी राहिलं असेल."

त्यांनी चिंधी खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "बरं भाभी. उघडतो."

भीतीने माणूस पळतो असं म्हणतात, पण मी जागची हलले नाही. मी फक्त गाडी बिघडलेली असावी असं ठरवलं. गाडीचा भाग बदलता येतो. चक्र घासलं तर हैदराबादहून मागवता येतं, नाही मिळालं तर कोणी लेथवर करून देतं. मला त्या पत्र्याखाली उभं राहून देवाकडे एकच मागणं मागावंसं वाटत होतं, की गिअरबॉक्समधून एखादा तुटलेला दात निघू दे. सुधाकर तेलाचा डबा घेऊन येताना दिसले. मी त्यांच्या चालण्याकडे पाहिलं. उजवं पाऊल जरा जास्त उचलून, आपटल्यासारखं टाकत होते. हे कधीपासून चाललंय, मला आठवेना. रोज मागे बसून त्यांच्या पायाकडे बघणारी मी, आणि चालताना कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी ताडकळसला हुरड्याला जायचं ठरलेलं होतं. तिथे सुधाकरांची मोठी बहीण असते, आक्का. इटालियन खाजाभाईंकडे उघडी पडली होती, माझ्याच सांगण्यावरून. "एसटीने जाऊ," मी म्हणाले. पण सुधाकरनी तोवर कॉलेजमधल्या एका सरांची गाडी मागून आणली होती. साधी, आपल्याकडची. "आता अशीच घेऊन टाकतो एक," ते म्हणाले. "कटकट न्हाई." खाजाभाईंचं ब्रेकबद्दलचं बोलणं माझ्या कानात होतं. तरी मी मागे बसले.

त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, माणसाच्या वर गेलेली. पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान मी तसं समजत होते. मी त्यांच्या उजव्या पायावरून नजर हलवली नाही. साध्या चपलेतला पाय ब्रेकच्या वर अधांतरी होता. आता सांगावं, त्या झाडापाशी सांगावं, तो पूल गेला की सांगावं. प्रत्येक झाड मागे गेलं. पुढे एका वळणावर उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, चाक बदलत होते. मी पाय पाहिला. तो हलला, पण ब्रेकच्या शेजारी पडला. परत उचलला, परत शेजारी. मी ओरडले. त्यांनी हाताचा ब्रेक दाबला, गाडी तिरकी होत सरकली आणि उसापासून हातभर अंतरावर थांबली. चाकाचा नट फिरवणारा माणूस उठून आमच्याकडे बघत राहिला.

"हिचा ब्रेक बी ढिलाच हाय की," सुधाकर म्हणाले.

तेव्हाही मी बोलले नाही.

शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं भाजत होती, भाचे गरम कणसं हातावर चोळून हुरडा पाडत होते. आक्का पदर खोचून पुढे आल्या आणि एकदम हसायला लागल्या. "अरे सुध्या, एक चप्पल कुठं टाकून आलास? लग्नात मेव्हणीनं पळवली नव्हती ती आता पळवली का?" सगळे हसले. सुधाकरनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी, धुळीने माखलेला, करंगळीपाशी खरचटलेला. बांधावरून शेतात येताना धसकटांतून ते तसेच चालत आले होते. ते सगळ्यांबरोबर हसले, पण जरा उशिरा.

मी त्यांना विहिरीकडे घेऊन गेले. पाय धुवायला म्हणून. पाणी ओतता ओतता म्हणाले, "अहो, इटालियनला काही झालेलं नाही."

ते धुतलेल्या पायाकडे बघत होते. "मला माहीत हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. पंजा उचलायला जातो न् उचलतच न्हाई. डोकं सांगायलंय उचल, उचल, अन् पाय आपला निवांत. म्हणून टाच लावून घेतली."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि काठावर ठेवला. "तुला काय सांगू, वंदना? पाल दिसली तर तू दोन दिवस स्वयंपाकघरात जात न्हाईस."

मी खूप रडले. आजवर माझ्या भित्रेपणाची घरात चेष्टाच होत आली होती, मीही त्या चेष्टेत सामील व्हायची, एक लाडका अवगुण म्हणून तो मिरवायची. त्याच्यापायी हा माणूस दोन महिने एकटाच घाबरत गाडी चालवत होता, आणि मला मागे बसवत होता, आणि मी कळूनही गप्प बसले होते. आम्ही दोघं एकमेकांना जपत त्या ट्रॉलीपर्यंत गेलो होतो. परत येताना आम्ही एसटीने आलो. गाडी भाच्याने आणून दिली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, बोलायला गोड. सुधाकरना आडवं झोपवून म्हणाल्या, "डोळे मिटा काका. मी पायाला एक दोरा लावणार आहे, जाणवलं की हो म्हणा." माशाच्या गळाला असतो तसला जाड नायलॉनचा दोरा होता. त्यांनी तो अंगठ्याला टेकवला, तळव्याला टेकवला, टाचेला, बोटांच्या खाली. दोरा प्रत्येक वेळी वाकत होता. खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता. सुधाकर डोळे मिटून शहाण्या मुलासारखे वाट बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "करा की सुरू, डॉक्टर." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी ज्याला भीती म्हणत होते ती काहीच नव्हती.

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं, असं बाई म्हणाल्या. साखर आवरली. मऊ तळाचे बूट आले, ते घरातही घालायचे. गाडी बंद. इटालियन खाजाभाईंनी जोडून दिली, मागून जोडलेली टाचही कापून टाकली, आणि महिन्यातून एकदा ते स्वतः येऊन तिला फिरवून आणतात. खिडकीतून मला आवाज ऐकू येतो. गिअर एकदाही चुकत नाही. त्या सरळ आवाजाचा मला राग येतो, आणि मग त्या रागाचीही लाज वाटते.

आणि रोज दिवेलागणीला पाय बघायचे. हे माझं काम. पायावर काही टोचलं, भाजलं, चिरलं तर त्यांना कळत नाही, आणि तसंच राहिलं तर चिघळतं, आणि चिघळलं तर पुढे काय होतं ते बाईंनी सांगितलं होतं. मी ते इथे लिहीत नाही. सुधाकरनी लग्नात मला पाया पडू दिलं नव्हतं, "असलं काही चालणार न्हाई" म्हणाले होते. आता रोज त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसते. पहिले काही दिवस ते अवघडून भिंतीकडे बघायचे. आता कॉलेजमधल्या गमती सांगतात. मी टाच बघते, बोटांच्या बेचक्या बघते, नखांच्या कडा बघते. रोज तेवढी दहा मिनिटं माझा श्वास वरच्या वर असतो. पाय स्वच्छ निघाला की तो खाली ठेवते आणि स्वयंपाकाला लागते. पालही आता दिसली तर दिसते, मी झाडूने हाकलते. भीती कमी झालेली नाही, ती सगळी एकाच जागी जाऊन बसली आहे.

एवढं लिहून वही मिटली होती. मध्ये रविवार येऊन गेला. ताडकळसला गेलो, एसटीने. आगटीभोवती बसलो, हुरडा खाल्ला, गूळ मी खाल्ला. निघताना आक्कांनी बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडायला लावला. देवापुढे बूट कसे चालतील? सुधाकरनी माझ्याकडे पाहिलं, मी आक्कांकडे पाहिलं, आणि सुधाकरनी बूट-मोजे काढले. दहा पावलं जायचं, दहा पावलं यायचं. मी डोळे फाडून जमीन बघत होते. काही दिसलं नाही. परत मोजे-बूट घातले, एसटी धरली, बस स्टँडपासून घरापर्यंत चालत आलो.

संध्याकाळी पाय मांडीवर घेतला. मोजा तळव्याला चिकटला होता. सोडवला तर मध्यभागी बोरीचा काटा, जवळजवळ मुळापर्यंत रुतलेला, भोवती रक्त वाळून काळं झालेलं. सुधाकर आक्कांच्या नातीची गोष्ट सांगत होते, ती हुरड्याला भात म्हणते म्हणून. मी डब्यातला चिमटा काढला. दिवा जवळ ओढला. काटा धरला आणि ओढला, आणि माझ्या तोंडून निघालं, "आई गं!"

सुधाकर बोलायचे थांबले. घाबरून पुढे वाकले आणि माझा हात धरून म्हणाले, "काय झालं? तुला लागलं का?"